निखाऱ्यावरचं फळ

जून लागला की अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या मधल्या पट्ट्यात रस्त्याकडेला पीचच्या पाट्या दिसू लागतात. फोर्ट व्हॅली हे त्या पट्ट्यातलं मुख्य गाव. ते ज्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात येतं, तिचं नावच पीच काउंटी. 1924 साली ती स्थापन झाली तेव्हा तिला कुणा सेनापतीचं किंवा पुढाऱ्याचं नाव न देता फळाचं नाव दिलं गेलं. त्या मातीत पीचला काय मान आहे ते एवढ्यावरून कळावं.

बागेबाहेर पत्र्याच्या शेडखाली खोकी मांडलेली असतात. पुढच्या रांगेत एकसारखी, गुलाबी-पिवळी, डाग नसलेली फळं. मागे, जरा सावलीत, दबलेली, ओरखडलेली, देठाशी मऊ पडलेली फळं उतरत्या भावात. माझी मावसबहीण अटलांटाजवळ राहते. तिच्याबरोबर पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा माझा हात सवयीने पुढच्या खोक्याकडे गेला. ताई म्हणाली, "ती खायला. सॉसला मागची घ्यायची." आणि तिने मागचं अर्धं बुशेल, म्हणजे साधारण 11 किलो, गाडीत ठेवलं. घरी पोचेपर्यंत गाडी वासाने भरून गेली होती.

त्या वासाचं मुख्य कारण म्हणजे गॅमा-डेकालॅक्टोन नावाचं एक संयुग. कच्च्या पीचमध्ये ते जवळजवळ नसतं. फळ झाडावर पुरतं पिकत आलं की ते आणि त्याची भावंडं भराभर वाढतात. म्हणजे दिसायला जे फळ दुय्यम, ते वासाला अव्वल. बार्बेक्यू सॉस घरी करायचा आणि तो ताज्या फळाचा करायचा, तर सुरुवात मागच्या खोक्यापासून होते. पण त्याआधी हा सॉस मुळात कशासाठी असतो ते पाहायला हवं, कारण फळ त्यात गेलं की नुसती चव बदलत नाही, शेकोटीजवळचं सगळं वेळापत्रकच बदलतं.

बार्बेक्यू म्हटलं की आपल्याकडे टेबलातली शेगडी आणि सळईला लावलेले तुकडे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेच्या दक्षिणेत या शब्दाचा अर्थ निराळा. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक लाकडाची माची बांधून तिच्यावर मांस-मासे ठेवत आणि खालून मंद जाळ करत. त्या माचीचा शब्द स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असा उचलला. गोन्सालो फर्नांडेस दे ओविएदो या इतिहासकाराच्या 1526 च्या लिखाणात तो सापडतो. पुढे इंग्रजीत त्याचा बार्बेक्यू झाला. दक्षिणेत आजही खरा बार्बेक्यू म्हणजे झाकलेल्या भट्टीत हिकरी, ओक किंवा पेकानच्या लाकडाच्या धुरात, 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, तासन् तास शिजलेलं मांस. डुकराचा खांदा असेल तर 10-12 तास सहज लागतात. एवढ्या वेळात मांसातलं चिवट कोलॅजेन विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि जो तुकडा एरवी चावता चावत नाही तो बोटांनी सुटतो.

ही भट्टी पिढ्यान् पिढ्या सांभाळली ती बहुतांशी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आणि त्यांच्या लेकरांनी. खड्डे त्यांनी खणले, लाकूड त्यांनी फोडलं, रात्रभर जागले ते, आणि मानाने जेवले मालक. 1930 च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका लेखन-प्रकल्पात, गुलामीत जन्मलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यात दक्षिण कॅरोलिनातले वेस्ली जोन्स आहेत. 1937 मध्ये त्यांनी नव्वदी ओलांडली होती. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण रात्रभर मांसाजवळ बसायचो, असं ते सांगतात. लांब काठीच्या टोकाला मऊ चिंधी किंवा कापूस गुंडाळायचा, तो सॉसमध्ये बुडवायचा आणि मांसावरून फिरवत राहायचं, रस निखाऱ्यावर टपकेपर्यंत. सॉसमध्ये काय, तर व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडं सेज, धने, बेझिल, कांदा आणि लसूण. काही लोक चिमूटभर साखर टाकतात, असं ते शेवटी जोडतात.

या यादीत धने आहेत हे वाचून मी पहिल्यांदा थांबले होते. दुसऱ्यांदा थांबले ती साखरेपाशी. ती जवळजवळ नाहीच, आणि सगळी युक्ती त्यातच आहे. व्हिनेगर, लोणी आणि तिखटाचा सॉस रात्रभर मांसाला लावता येतो, कारण त्यात करपण्यासारखं फारसं काही नसतं. तो मांस ओलं ठेवतो, चरबीचा जडपणा आंबटपणाने कापतो. गोड सॉसला हे काम सांगितलं तर तासाभरात त्याचा कोळसा होईल.

उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात आजही असाच व्हिनेगर-मिरचीचा पातळ सॉस चालतो. त्याच राज्यात पश्चिमेला लेक्सिंग्टनकडे गेलं की त्यात थोडा केचप येतो. दक्षिण कॅरोलिनाच्या मध्यभागी जर्मन वंशाच्या वस्तीमुळे पिवळ्या मोहरीचा सॉस. अलाबामात डिकेटर गावी बिग बॉब गिब्सन यांनी 1920 च्या दशकात कोंबडीसाठी मेयोनेजचा पांढराच सॉस काढला. केंटकीत ओवेन्सबरोला मेंढीच्या मांसासाठी काळा सॉस. टेक्ससमधल्या लॉकहार्टच्या जुन्या खानावळींत सॉस मागणंच कमीपणाचं मानलं जाई.

गोडवा आला तो हळूहळू. मिसूरीतल्या कॅन्सस सिटीमध्ये हेन्री पेरी यांनी 1908 च्या सुमाराला बार्बेक्यू विकायला सुरुवात केली. त्या शहराच्या बार्बेक्यूचे ते जनक. त्यांचा सॉस झणझणीत होता, गोड नव्हे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यात टोमॅटो आणि गोडवा वाढवत नेला. हाइन्झ कंपनीने 1940 मध्ये बाटलीबंद बार्बेक्यू सॉस बाजारात आणला. 1977 मध्ये कॅन्सस सिटीचेच रिच डेव्हिस, जे पेशाने बालमानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी मळीचा दाट, गोड, चकचकीत सॉस तयार केला आणि देशभर 'बार्बेक्यू सॉस' म्हणजे तोच असं लोकांच्या मनात बसलं. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा पाक. दिसायला आणि चवीला ती आपल्या काकवीची जवळची नातलग, फक्त जास्त कडवट. आज दुकानातल्या कित्येक बाटल्यांवर घटकांच्या यादीत पहिलं नाव मक्याच्या साखरेच्या पाकाचं असतं. नुसता गोडवा, त्याला स्वतःचा वास नाही की आंबटपणा नाही.

ताज्या फळाचं महत्त्व मला इथे वाटतं. फळ एकटा गोडवा घेऊन येत नाही. पीचमध्ये साखरेबरोबर मॅलिक आणि सायट्रिक आम्ल असतं, पेक्टिन असतं, तो लॅक्टोनचा वास असतो. म्हणजे जे सगळं बाटलीत वेगवेगळ्या डब्यांतून ओतावं लागतं ते एका फळात जमून आलेलं असतं.

आणि फळ या सॉसला परकं मुळीच नाही. बाटलीतला टोमॅटो हे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने फळच. अमेरिकेत यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. आयात भाजीवर जकात होती, फळांवर नव्हती, म्हणून व्यापाऱ्यांचं म्हणणं, टोमॅटो फळ आहे. 1893 साली न्यायालयाने निकाल दिला की लोक तो जेवणात भाजी म्हणून खातात, तेव्हा जकातीपुरती ती भाजी. केचपचा प्रवास तर त्याहून लांबचा. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्कियन भाषेतला हा शब्द मुळात आंबवलेल्या माशांच्या रसाचा. इंग्रजांनी तो उचलला आणि कधी मशरूमचा, कधी अक्रोडाचा केचप केला. टोमॅटोच्या केचपची कृती फिलाडेल्फियाचे जेम्स मीज यांनी 1812 मध्ये छापली. पीच आणि प्लमचेही केचप त्या काळी घरोघर होत. मिरची हेही फळ.

राहिला वूस्टरशायर सॉस, जो बहुतेक बार्बेक्यू सॉसमध्ये चमचाभर पडतो. इंग्लंडच्या वूस्टर गावात लिआ आणि पेरिन्स यांनी तो 1837 मध्ये विकायला काढला. त्यात अँकोव्ही मासे, व्हिनेगर, मळी, आणि चिंच. चिंचेचं झाड मूळचं आफ्रिकेचं, पण अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलं आणि त्यावरून युरोपात ती टॅमरिंड झाली. म्हणजे जॉर्जियातल्या अंगणात ज्याला लोक अगदी अमेरिकन चव म्हणतात, तिच्या तळाशी चिंच बसलेली आहे. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेला ती चव पहिल्याच घासाला ओळखीची वाटते ती यामुळेच.

पीच मात्र अमेरिकेचं नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात उत्खननात मिळालेल्या कोयींवरून तिथले लोक सुमारे 8,000 वर्षांपूर्वी पीच निवडून वाढवू लागले होते असं दिसतं. तिथून ते इराणमार्गे युरोपात पोचलं. रोमन लोकांना ते इराणचं फळ वाटलं आणि तोच गैरसमज त्याच्या शास्त्रीय नावात, प्रूनस पर्सिका, कायमचा राहिला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते फ्लोरिडाच्या बाजूला आणलं. पुढचं काम मात्र स्पॅनिशांनी केलं नाही. क्रीक, चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांनी कोयी हातोहात नेल्या, बागा लावल्या, आणि गोरे वसाहतवाले देशाच्या आतल्या भागात पोचले तेव्हा पीचची झाडं तिथे आधीच उभी होती. झाडं इतकी सर्वदूर होती की पुष्कळांना ती तिथलीच वाटली. नैर्ऋत्येला नॅव्हाहो लोकांनी कॅन्यन द शे या दरीत पीचच्या बागा जोपासल्या होत्या. 1864 मध्ये त्यांना त्यांच्या भूमीवरून हाकलण्याच्या मोहिमेत अमेरिकी सैन्याने ती हजारो झाडं तोडून टाकली. पीचच्या सॉसची गोष्ट सांगताना हे गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

जॉर्जियाचं नाव पीचशी जोडलं गेलं ते यादवी युद्धानंतर. मार्शलव्हिल गावचे सॅम्युअल रम्फ यांनी 1870 च्या दशकात एक मोठी, पिवळ्या गराची, कोय सहज सुटणारी जात तयार केली आणि तिला आपल्या पत्नीचं, क्लारा एल्बर्टाचं, नाव दिलं. एल्बर्टाचा गर घट्ट असल्याने ती रेल्वेने बर्फात घालून न्यूयॉर्कपर्यंत पोचू शकली. आज दक्षिण कॅरोलिना जॉर्जियापेक्षा जास्त पीच काढते आणि कॅलिफोर्निया त्या दोघांपेक्षा कितीतरी जास्त. पण पीच म्हटलं की जॉर्जिया, हे काही पुसलं गेलेलं नाही. दक्षिण कॅरोलिनाच्या गॅफनी गावाने मात्र 1981 मध्ये पिण्याच्या पाण्याची टाकीच पीचच्या आकाराची बांधून आपला हक्क सांगितला आहे.

हे झाड लहरी आहे. हिवाळ्यात साधारण 7 अंशांखालची थंडी ठरावीक तास मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. पुष्कळ जातींना असे 650 ते 850 तास लागतात. आणि फुलल्यावर एक जरी कडक दहिवर पडलं तरी मोहोर जातो. 2023 मध्ये हिवाळा उबदार गेला, झाडं लवकर फुलली, मग मार्चमध्ये गोठवणारी थंडी आली आणि जॉर्जियाचं 90 टक्क्यांहून जास्त पीक गेलं. कोकणातल्या आंबेवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता पातेलं. ताईच्या स्वयंपाकघरात मी हे तीनदा केलं आहे आणि दरवेळी चव थोडी वेगळी आली, कारण फळ वेगळं होतं. प्रमाण सांगते ते वाट दाखवण्यापुरतं. पीच एक किलो, म्हणजे मध्यम आकाराची सहा-सात. त्यांतली तीन-चतुर्थांश पुरती पिकलेली, उरलेली जरा घट्ट घ्यावीत. फळ पिकताना त्याच्यातलंच विकर पेक्टिनची साखळी तोडत जातं. त्यामुळे फार पिकलेलं फळ वास देतं पण दाटपणा देत नाही, घट्ट फळ दाटपणा देतं पण वास देत नाही. दोघांची जोडी लागते.

साल काढायची तर फळाच्या बुडाशी सुरीने फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट सोडावं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावं. साल बोटाने सरकते. खाली गराचा बाहेरचा थर दिसतो, नारिंगी, मध्ये मध्ये लालसर रेषा असलेला, ओल्या रेशमासारखा. कोय फोडून आतलं बी सॉसमध्ये जाऊ देऊ नये. कडू बदामात असतं तेच अमिग्डालिन त्यात असतं आणि त्यापासून सायनाइड सुटतं.

पातेलं स्टीलचं किंवा मुलाम्याचं असावं. बिनकल्हईचं पितळ, तांबं किंवा साधं ॲल्युमिनियम नको, कारण व्हिनेगर धातू खातं. चमचाभर लोण्यावर एक कांदा मंद आचेवर मऊ करायचा, लाल नव्हे. मग चार लसूणपाकळ्या ठेचून, एक चमचा धुरावलेली पाप्रिका, एक चमचा मोहरीपूड, अर्धा चमचा मिरी, सोसेल तेवढं तिखट. वेस्ली जोन्स यांना स्मरून मी अर्धा चमचा धनेपूड घालते. मसाला तुपात परतल्यासारखा त्या लोण्यात उमलला की पाव किलो चिरलेले टोमॅटो आणि पीचच्या फोडी. एका पीचचा गर मात्र बाजूला, कच्चाच, झाकून ठेवायचा. त्यावर थोडं लिंबू पिळायचं म्हणजे तो काळा पडत नाही.

पीचमध्ये शेकडा 88-89 भाग पाणीच असतं. म्हणून पहिली 20 मिनिटं पातेल्यात नुसती पातळ खदखद चालते. मग सगळं मिक्सरमधून काढून परत चढवायचं आणि त्यात 60 ग्रॅम तपकिरी साखर, दोन मोठे चमचे मळी, एक मोठा चमचा वूस्टरशायर, दीड चमचा मीठ आणि सफरचंदाचं व्हिनेगर घालायचं. व्हिनेगर एकूण 120 मिलिलिटर, त्यातले दोन चमचे मागे ठेवायचे. इथून पुढे आच मंद आणि हात चालू. आवाज बदलतो. खदखद थांबते, रटरट सुरू होते, बुडबुडे जड होऊन फटकन फुटतात आणि हाताला चटका बसतो. उलथन्याने तळावर रेघ ओढली आणि ती दोन क्षण तशीच राहिली की झालं. खात्री करायची तर फ्रिजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून बशी तिरकी करावी. थेंब पाण्यासारखा पळू नये, मुंगीच्या चालीने उतरावा.

आच मंद असली तरी या अर्ध्या तासात पातेल्यात खूप काही घडत असतं. पीचमधली साखर मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीचीच साखर. आम्लात तापली की ती फुटून तिची ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. फ्रुक्टोज सुक्रोजपेक्षा गोड लागते, त्यामुळे घातलेल्या साखरेच्या मानाने सॉस जास्त गोड लागतो. शिवाय सुक्रोज प्रथिनांच्या तुकड्यांशी थेट जुळत नाही, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जुळतात. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये जिचं वर्णन केलं ती तपकिरी रंगाची आणि भाजल्या वासाची अभिक्रिया या दोघींमुळे मांसावर झपाट्याने होते. म्हणजे पातेल्यात शिजलेला सॉस निखाऱ्यावर रंगायला आधीच तयार होऊन बसलेला असतो.

पण उकळताना एक जातं. तो लॅक्टोनचा वास वाफेबरोबर उडतो. शिजलेला सॉस गोड असतो, आंबट असतो, दाट असतो, आणि डोळे मिटून खाल्ला तर कुठल्याही फळाचा वाटू शकतो. बाजूला ठेवलेल्या कच्च्या पीचचं काम इथे. त्याचा गर वाटून शेवटच्या पाच मिनिटांत घालायचा, एक उकळी येऊ द्यायची, मागे ठेवलेलं व्हिनेगर टाकायचं आणि गॅस बंद. बागेतला वास परत येतो. फळाच्या सॉसमधलं मला माहीत असलेलं सगळ्यात मोठं मर्म हे आहे आणि छापील कृतींत ते फारसं दिसत नाही.

आता निखारे. फ्रुक्टोज 110 अंशांच्या आसपासच करपण्याकडे झुकायला लागते, साधी साखर 160 च्या पुढे. उघड्या निखाऱ्यावरची जाळी 200 अंशांच्या सहज वर जाते. पहिल्या वर्षी मी कोंबडीच्या तंगड्यांना सुरुवातीलाच सॉस फासला. दहा मिनिटांत वरून काळ्या झाल्या, आत हाडाशी मांस गुलाबीच होतं, आणि तीन तासांची मेहनत कडू झाली. तेव्हापासून क्रम पाळते. मांसाला आधी कोरडं मीठ-मसाला, मधूनमधून वेस्ली जोन्स यांच्यासारखं व्हिनेगर-लोण्याचं पाणी, आणि पीचचा सॉस शेवटच्या 10-15 मिनिटांत, तोही थेट निखाऱ्यावर नव्हे, बाजूच्या आचेवर. पातळ हात द्यायचा, तो चिकट होऊन चमकला की दुसरा, मग तिसरा. तिसऱ्या हातानंतर फासळ्यांवर लाखेसारखा थर बसतो, कडांना तांबूस-काळा, मध्ये नारिंगी. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश सॉसच्या मुख्य भांड्यात बुडवू नये. लावायचा तेवढा वाटीत वेगळा काढावा.

मांस न खाणाऱ्यांसाठी हाच सॉस मक्याच्या कणसाला, फणसाच्या भाजलेल्या गऱ्यांना किंवा पनीरला तितकाच चालतो. अमेरिकेत कच्च्या फणसाचा डबा सुपरमार्केटात मिळतो आणि तो बार्बेक्यूच्या नावाखालीच खपतो.

साठवण्याबद्दल हलगर्जी नको. बोट्युलिझमचे जिवाणू 4.6 पेक्षा जास्त पीएचच्या, म्हणजे कमी आंबट, बंद बरणीत वाढू शकतात आणि त्यांचं विष जीवघेणं असतं. पिवळं पीच साधारण 3.3 ते 4 च्या दरम्यान असतं, पण कांदा-लसूण आंबट नाहीत, आणि पांढऱ्या गराच्या पीचचा पीएच कधी कधी 4.6 च्याही वर जातो. जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्न साठवणुकीचं राष्ट्रीय केंद्र आहे. पांढरं पीच घरी डबाबंद करू नये असं ते स्पष्ट सांगतं. मनाने प्रमाण ठरवलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन आठवड्यांत संपवावा, किंवा फ्रीझरमध्ये टाकावा. व्हिनेगर कमी करायचा मोह टाळावा, ते चवीपुरतं नाही.

पीच नसेल तिथे दुसरं फळ. मिशिगनमध्ये आंबट मॉन्टमोरेन्सी चेरीचा सॉस होतो आणि तो बदकाला फार शोभतो. प्लममध्ये पेक्टिन भरपूर, त्यामुळे तो लवकर दाट होतो. अननसाचा करायचा तर रस आधी नीट उकळून घ्यावा. कच्च्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते मांसाचे धागे तोडतं आणि पृष्ठभाग पिठूळ करतं. कबाबाला कच्ची पपई लावतो त्यामागे हेच तत्त्व, फक्त विकर वेगळं.

आंब्याची गोष्ट मात्र थोडक्यात उरकता येत नाही. 1889 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने पुण्याहून आंब्याची कलमं मागवून फ्लोरिडात लावायला दिली. 1894-95 च्या हिवाळ्यातल्या थंडीत ती जवळजवळ सगळी मेली. लेक वर्थ सरोवराकाठी एल्ब्रिज गेल या निवृत्त प्राध्यापकांच्या बागेतलं मलगोव्याचं एक झाड वाचलं. 1902 मध्ये जॉन हेडन या निवृत्त कप्तानाने त्या झाडाच्या आंब्याच्या कोयी कोकोनट ग्रोव्ह इथे लावल्या. त्यांतून निघालेली जात त्याच्या नावाने हेडन म्हणून प्रसिद्ध झाली. त्या हेडनची कितीतरी संतती आज बाजारात आहे, आणि अमेरिकेतल्या सुपरमार्केटात वर्षभर दिसणारा, लाल गालाचा, रेषाळ टॉमी ॲटकिन्स त्यांतलाच. आपल्याकडचे लोक त्याला नावं ठेवतात. खाण्यासाठी ठेवावीत. पण सॉससाठी त्याचा घट्ट गर आणि टिकून राहणारा आंबटपणा कामाचा ठरतो. मँगो बार्बेक्यू सॉसची बाटली बघितली की मला वाचलेलं ते एक झाड आठवतं.

सॉस केल्या दिवशी थोडा ओरडतो. व्हिनेगर पुढे, फळ मागे. रात्रभर मुरला की दोघं जागेवर येतात. म्हणून ताई तो आदल्या दिवशीच करते. त्या वर्षी तिने तीन बरण्या भरल्या, झाकणांना पांढरी पट्टी लावली आणि पेनने लिहिलं: रेडहेवन, 24 जून. जात लिहायची तिची सवय आहे, कारण पुढच्या बरण्यांचा हिशेब निराळा असतो. एल्बर्टा यायला अजून महिना होता. ती रेडहेवनपेक्षा आंबट, म्हणून तिच्यासाठी ताई साखर दोन चमचे वाढवते आणि मळी तेवढीच ठेवते.